सिझेरियननंतर नॉर्मल डिलिव्हरी (व्हीबॅक)

आधीचं बाळ सिझेरियनने झालंय आणि पुढचं योनीमार्गातून जन्माला आलं, तर त्याला व्हीबॅक म्हणतात. "एकदा सिझर की कायम सिझर" हे अजूनही सर्रास ऐकू येतं. मूळ वाक्य न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांचं, १९१६ सालचं, पण तेव्हा गर्भपिशवीच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घ्यायचे, आता बहुतेक वेळा खालच्या पातळ भागावर आडवा घेतात आणि तो कळांचा ताण बराच चांगला सोसतो.

सगळं अवलंबून आहे ते या आतल्या छेदावर. पोटावरचा व्रण बघून तो कळत नाही, कातडीवर आडवी खूण आणि आत उभा छेद असंही असू शकतं, म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद जपून ठेवा आणि पहिल्याच तपासणीला दाखवा, खरंच दाखवा. आत उभा छेद असेल, पिशवी आधी कधी फाटली असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करत नाहीत.

प्रयत्न करणाऱ्या साधारण १०० पैकी ६० ते ८० जणींची डिलिव्हरी नॉर्मल होते. आधी एखादं बाळ नॉर्मल झालेलं असेल तर शक्यता आणखी वाढते, किंवा मागचं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून केलेलं असेल तरीही.

मोठा धोका म्हणजे जुन्या टाक्यांवर गर्भपिशवी फाटणं. एकच आडवा छेद असेल तर हे साधारण २०० पैकी एकीला होतं, म्हणजे क्वचित, पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. बऱ्याचदा पहिली खूण दिसते ती बाळाच्या ठोक्यांत, ते अचानक मंदावतात, म्हणून कळा सुरू असताना ठोके सतत मशीनवर बघतात आणि लगेच सिझर करता येईल, रक्त देता येईल अशाच हॉस्पिटलमध्ये हे करायचं, घरी अजिबात नाही.

पुन्हा सिझर करणंही बिनधोक नाही, प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती वाढते, त्यामुळे अजून मुलं हवी असतील तर हे आधीच बोलून घ्यावं. उलट नॉर्मलचा प्रयत्न फसून ऐनवेळी सिझर करावं लागलं तर त्यात ठरवून केलेल्या सिझरपेक्षा त्रास जास्त. निर्णय मात्र आईचाच, आणि कळा सुरू झाल्यावरही तिला तो बदलता येतो.