डीकोडर बदलून चित्र उजळत नाही

टीव्हीला जोडलेल्या पीसीवर सिनेमे पाहणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे: व्हिडिओ फाइल उलगडून चित्र बनवणारा डीकोडर ग्राफिक्स कार्डातला, म्हणजे हार्डवेअरचा, लावला की चित्र जास्त सुरेख दिसतं. काहींच्या मते नेमकं उलट, खरी मजा प्रोसेसरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर डीकोडरमध्येच! दोन्ही गट चुकतात.

एच.२६४ (२००३) आणि एचईव्हीसी (२०१३) या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या मानकांत फाइल उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलची किंमत काय यायला हवी, हे काटेकोर ठरलेलं आहे. डीकोडर बिनचूक असेल तर तो प्रोसेसरवर चालो की कार्डावर, उत्तर एकच. डीव्हीडीवरच्या जुन्या एमपीईजी-२ मानकात गणिताला किंचित सूट होती. डीव्हीडीच्या काळात या समजुतीला कणभर आधार होता, एवढंच.

मग डोळ्यांना फरक दिसतो तो कुठला? पुढच्या टप्प्यांचा: १०८०पी चित्र ४केवर ताणणं, डीइंटरलेसिंग (एकाआड एक ओळींत आलेलं चित्र जोडून पूर्ण करणं), रंगांचं रूपांतर, शिवाय ड्रायव्हरने न विचारता केलेल्या ‘सुधारणा’. काळा रंग राखाडी दिसत असेल तर पीसीची आउटपुट रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या किमतींची मर्यादा) आणि टीव्हीची रेंज जुळते का, ते आधी बघा.

हार्डवेअर डीकोडर घ्यायचा तो वीज, उष्णता आणि पंख्याचा आवाज कमी करायला. प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर १०-बिट (रंगांच्या जास्त छटा असलेल्या) एचईव्हीसीसाठी इंटेल प्रोसेसरची सातवी पिढी पुरते, एव्ही१ या नव्या मानकासाठी अकरावी लागते. ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) १०-बिट एच.२६४ फाइली मात्र बहुतेक कार्डं नाकारतात; तिथे प्रोसेसरच राबतो.

आणि कोडेक पॅक, म्हणजे वेगळे टाकायचे डीकोडरांचे गठ्ठे? व्हीएलसी, एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरांच्या पोटात डीकोडर असतातच. पॅक टाकूच नका.