मासे नंतर, आधी जिवाणू

नवी काचपेटी, चोवीस तास ठेवून दिलेलं पाणी आणि त्यात सोडलेली आफ्रिकन सिक्लिडची, म्हणजे तिथल्या सरोवरांतल्या रंगीत माशांची, आठ-दहा पिल्लं. तीन-चार दिवस सगळं झकास चालतं. मग पिल्लं पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, खाणं सोडतात आणि एकेक करून मरतात. पाणी तर नितळ होतं, मग रोग आला कुठून, असं म्हणत औषधाची बाटली आणली जाते. बहुतेक वेळा रोग नसतोच. पिल्लांनी स्वतःच सोडलेल्या अमोनियाने त्यांचा जीव घेतलेला असतो. पाणी रात्रभर 'मुरवलं' की ते माशांसाठी तयार होतं, हा समज काही केल्या जात नाही. मुरवल्याने फार तर क्लोरीन उडून जातो. क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असलेलं क्लोरामाइन पाण्यात असेल, तर ते तेवढ्यानेही जात नाही. अमोनियाची विल्हेवाट लावणारं मात्र त्या पाण्यात अजून कोणीच नसतं.

प्रथिनं पचली की नायट्रोजनचा कचरा अमोनियाच्या रूपात उरतो. आपलं यकृत त्याचा युरिया करतं. बहुतेक मासे ती खटपट करत नाहीत, कल्ल्यांतून अमोनिया सरळ पाण्यात सोडून देतात. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: एक विद्युतभार नसलेला अमोनिया आणि दुसरं, हायड्रोजनचा आयन चिकटलेलं, धनभारित अमोनियम. पेशींच्या स्निग्ध आवरणातून भार नसलेला अमोनिया सहज आरपार जातो, अमोनियम जवळजवळ अडकतोच. म्हणून खरं विष पहिलं. कोणतं रूप किती, हे मुख्यतः पाण्याचा पीएच म्हणजे सामू ठरवतो. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम 0.6 टक्के विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की 5 टक्क्यांच्या वर, 8.5 ला सुमारे 15 टक्के.

आता सिक्लिडचं मूळ घर पाहा. मलावी सरोवराचा सामू 8 च्या आसपास आणि थोडा वर, टांगानिकाचा तर 9 च्या जवळ. त्यामुळे पेटीतलं पाणीही आपण अल्कधर्मीच ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण सामू 7 च्या पेटीत जो कचरा फारसा जाणवणार नाही, तोच इथे नऊ-दहा पट विषारी ठरतो. लिटरला 1 मिलिग्रॅम एकूण अमोनिया आणि सामू 8, एवढ्यावरच विषारी रूप 0.05 मिलिग्रॅमच्या पुढे जातं, आणि कल्ल्यांना इजा व्हायला तेवढं पुरतं. शिवाय रक्तात अमोनिया जास्त आणि बाहेर कमी असेल तरच तो आपोआप बाहेर पडतो. बाहेरचं प्रमाण वाढलं की वाट तुंबते, तो रक्तात साचतो आणि मेंदूवर परिणाम करतो.

केनियातल्या मगाडी सरोवरात सामू 10 च्या घरात असतो. तिथे अमोनिया असा बाहेर टाकणं जमणारच नाही. तिथला अल्कोलापिया ग्राहमी हा छोटा मासा, जो सिक्लिडच आहे, आपला नायट्रोजन युरियाच्या रूपात टाकतो. मला हे उदाहरण अतिशय आवडतं, कारण एका रासायनिक समतोलाने एका माशाचं चयापचय कसं वळवलं ते त्यात उघड दिसतं. आपल्या पेटीतल्या पिल्लांकडे ही सोय नाही.

पिशवीतून आणलेल्या पिल्लांच्या बाबतीतही हाच समतोल घात करतो. प्रवास लांबला, तर बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरतो, म्हणून साचलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात गप्प राहतो. पिशवी उघडली की वायू निसटतो, सामू चढतो आणि अमोनियमचा अमोनिया होऊ लागतो. तेव्हा लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून तरंगवावी आणि तापमान जुळलं की पिल्लं जाळीने उचलून पेटीत सोडावीत. उघड्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नये. पिशवीतलं पाणी पेटीत ओतू नये.

अमोनियाचा बंदोबस्त करतात ते जिवाणू. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास ते वेगळे काढले. ही दोन्ही कामं एकटा करणारा नायट्रोस्पायरा हा जिवाणू 2015 मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी जाहीर केला, त्यातल्या एकाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर, वाळूवर, दगडांवर चिकटून राहतात. आणि ते फार संथ वाढतात. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. 'आज ओता, आज मासे सोडा' असं सांगणाऱ्या बाटल्यांवर विसंबू नका. काहींनी वेळ वाचतो, पण बाटलीतले जिवाणू जिवंत आहेत की नाही ते लेबलवरून कळत नाही, चाचणी संचावरूनच कळतं. निरोगी जुन्या पेटीतला वापरलेला स्पंज कधीही सरस.

सिक्लिडच्या बाबतीत मात्र एक पेच आहे. पेटीत मासे थोडेथोडे सोडत जावेत, म्हणजे जिवाणूंना वेळ मिळतो, हा नेहमीचा सल्ला. पण मलावीचे मबुना, म्हणजे तिथले खडकांत राहणारे सिक्लिड, हद्दीवरून भांडतात. आधी आलेला नर एखाद्या दगडाच्या कपारीचा ताबा घेतो आणि नंतर आलेल्या पिल्लाला शेपटी कुरतडून कोपऱ्यात रेटतो. म्हणून ते सगळे एकदम सोडलेले बरे. पेच सुटतो तो मासे नसतानाच पेटी तयार करून. सुगंध वा साबण न मिसळलेला शुद्ध अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅम एवढा घालायचा आणि तो संपेल तसा पुन्हा घालायचा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की मोठा पाणीबदल करून नायट्रेट उतरवायचं आणि सगळी पिल्लं एकाच दिवशी सोडायची.

कोणती पिल्लं, हा निर्णय पेटीच्या लांबीवर घ्यावा. मासा पेटीच्या मापानेच वाढतो, हे खोटं आहे. कोंडलेला मासा खुरटतो आणि आजारी पडतो. तीन सेंटिमीटरचा पिवळा लॅबिडोक्रोमिस दहापर्यंत जातो, ऑरॅटस त्याहून तापट. या मबुनांना साधारण चार फुटांची पेटी लागते. साठ-सत्तर लिटरच जागा असेल, तर टांगानिकाचा मल्टिफॅसिॲटस हा छोटा सिक्लिड घ्या. जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा हा मासा रिकाम्या शंखांत राहतो, तिथेच अंडी घालतो आणि तोंडाने वाळू उपसून शंख हवा तसा बसवतो. तळाला बारीक वाळू आणि माशांच्या संख्येहून जास्त शंख ठेवावेत, म्हणजे घरावरून भांडणं कमी होतात.