घोट्याचा ताठरपणा आणि खेळाडूचा तोल

कॉलेजच्या संघात कुणाचा घोटा मुरगळला की सूज उतरेपर्यंत विश्रांती आणि मग थेट मैदान, ही रीत जुनी आहे. तोच पाय महिन्याभरात पुन्हा मुरगळतो. असं का होतं, याचं एक ठोस स्पष्टीकरण १९६५ साली मायकेल फ्रीमन या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदाने सहकाऱ्यांसह मांडलं. अस्थिबंध, म्हणजे सांध्यातली हाडं जोडणारे पट्टे, फाटताना सांध्याची स्थिती कळवणारे त्यातले चेतातंतूही तुटतात, म्हणून बंध भरून आला तरी पाय दगा देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी रुग्णांना डगमगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं आणि पाय लचकण्याच्या तक्रारी कमी झाल्या.

पण खेळातला तोल हा हालचालीतला तोल. तो मोजण्यासाठी १९९५मध्ये अमेरिकेतल्या गॅरी ग्रे यांनी तारा-चाचणी सुचवली: एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय जमिनीवर आखलेल्या आठ रेषांवर जमेल तितका लांब न्यायचा. उंच खेळाडूचं अंतर जास्त येणारच, म्हणून पुढे ते पायाच्या लांबीच्या टक्केवारीत मांडू लागले. आठ दिशांवरून समोरची आणि मागच्या तिरक्या दोन अशा तीन उरल्या आणि इंग्रजी 'वाय' आकाराची चाचणी रूढ झाली. २००६मध्ये शाळकरी बास्केटबॉलपटूंच्या अभ्यासात, समोरच्या दिशेला दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापतीची शक्यता अडीचपट आढळली.

समोरचीच दिशा का? टाच न उचलता पाय पुढे नेताना उभ्या पायाची नडगी पंजावर पुढे झुकावी लागते. पोटरी आखडलेली किंवा घोटा ताठर असेल, तर स्नायू कितीही तयार असोत, अंतर तिथेच अडतं. २०११मध्ये मॅथ्यू होक यांच्या गटाने हे मोजून दाखवलं. भिंतीकडे गुडघा नेऊन घोट्याचा वाक मोजला, तेव्हा माणसामाणसांत समोरच्या अंतरात जो फरक पडतो, त्यातला सुमारे २८ टक्के त्या वाकाशी जुळला. मागच्या तिरक्या दिशांत तसा संबंध दिसला नाही. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ताठर घोट्याच्या मुलीला नुसत्या फळीवर उभं करून भागत नाही, आधी तिचा सांधा मोकळा करावा लागतो.

२०१५मध्ये अमेरिकेतल्या १८४ कॉलेज खेळाडूंच्या पाहणीत ४ सेंटिमीटरचा फरक आणि धक्क्याविना झालेल्या दुखापती यांचा संबंध पुन्हा दिसला. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र तो आढळला नाही, त्यामुळे या एका आकड्यावरून कुणाला संघाबाहेर बसवणं अन्यायाचं ठरेल.