फ्रान्समध्ये हिजाबवर बंदी? थोडं थांबा

दर काही महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो, फ्रान्सने हिजाब बॅन केला, डोक्यावर स्कार्फ दिसला की पोलीस दंड करतात वगैरे. अहो, दोन वेगळे कायदे आहेत आणि लोकांनी त्यांची खिचडी केलीय. 2004 चा कायदा फक्त सरकारी शाळांतल्या मुलामुलींसाठी, तिथे हिजाब चालत नाही हे खरं, पण ज्यूंची टोपी, मोठा क्रॉस, शिखांची पगडी पण चालत नाही (पगडीवाली गोष्ट फॉरवर्डमध्ये कधी नसते बघा). दुसरा 2010 चा, एप्रिल 2011 पासून लागू, तो चेहरा झाकण्याबद्दल आहे. त्यात इस्लाम किंवा बुरखा हा शब्दच नाही, अर्थात रोख कुणावर होता हे सगळ्यांना माहीत होतं. दंड जास्तीत जास्त 150 युरो, पण बाईला जबरदस्तीने चेहरा झाकायला लावणाऱ्याला एक वर्ष कैद आणि 30,000 युरोपर्यंत दंड. रस्त्यात साधा हिजाब घालून फिरलं तर काहीच होत नाही.

आणि 'कोर्टाने सुरक्षेसाठी बंदी मान्य केली' हेही अर्धवट. 2014 मध्ये युरोपियन मानवाधिकार कोर्टाने चेहरा झाकण्यावरच्या सरसकट बंदीसाठी सुरक्षेचं कारण पुरेसं धरलं नाही, 'एकत्र राहणं' (म्हणजे समाजात वावरताना एकमेकांचा चेहरा दिसावा) या मुद्द्यावर कायदा टिकला, जो मला तरी जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. 2018 मध्ये युनोच्या मानवाधिकार समितीने तर उलटच मत दिलं, की ही बंदी मानवाधिकारांचं उल्लंघन करते.