सरासरीत न दिसणारा पाऊस : आलेखांची पार्श्वभूमी

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७४. दोन्हींची सरासरी ५०९. एवढा पाऊस त्या दिवशी या दोन्हींपैकी कुठेच पडला नव्हता. कोकणातल्या पावसाचे आकडे मांडणाऱ्याने हे उदाहरण कायम जवळ ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. कारण आकड्यांची नुसती बेरीज न करता ते पसरून बघायला माणूस फार उशिरा शिकला.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. आलेख तिच्याहून फक्त चाळीस वर्षांनी मोठा. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६मध्ये व्यापाराचे आकडे रेषांनी दाखवले. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची माहिती हाती होती, रेषा ओढणार कुठून? म्हणून त्याने पट्ट्या काढल्या. स्तंभालेख आला तो असा, अडचणीतून. वृत्तालेखही त्याचाच, १८०१चा.

पण प्लेफेअरच्या पट्ट्या देशांच्या होत्या. त्यांचा क्रम बदलला तरी चालतं. आयतालेखाचं, म्हणजे हिस्टोग्रामचं, तसं नाही. ० ते २० मिलिमीटरचे दिवस किती, २० ते ४०चे किती, असे वर्ग पाडायचे आणि आयत एकमेकांना चिकटून उभे करायचे. मुलं या दोन्हींची गल्लत करतात, आणि पुस्तकंही हा फरक एका ओळीत उरकतात. हिस्टोग्राम हा शब्द कार्ल पिअर्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात रूढ केला.

त्याआधी १८४६मध्ये केटले या बेल्जियन अभ्यासकाने ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं मांडली, तेव्हा घंटेसारखा आकार उमटला. पुढे बराच काळ जो तो सगळीकडे ती घंटाच शोधत राहिला. पाऊस त्यात बसत नाही. शून्याच्या खाली तो जाऊ शकत नाही, वर मात्र कितीही जातो. रत्नागिरीच्या जुलैचे दिवस असे मांडले, तर डावीकडे हलक्या-मध्यम सरींची गर्दी आणि उजवीकडे लांबत गेलेलं शेपूट. ओढे-नद्या पात्राबाहेर काढणारे दिवस त्या शेपटात असतात.

वितरणाचा, म्हणजे आकडे कसे पसरलेत त्याचा, आकारच पुरावा म्हणून वाचणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातलं कोसबें. तक्षशिलेच्या आहत, म्हणजे ठोकून खुणा उमटवलेल्या, प्राचीन नाण्यांचं वजन त्यांनी एकेक करून तपासलं. त्यांच्या काळी चलनात असलेली नाणीही तोलली. टांकसाळीतून निघालेल्या नव्या नाण्यांची वजनं जवळजवळ असतात, आलेख उंच आणि अरुंद येतो. हाताळून नाणी झिजतात, पण सगळी सारखी झिजत नाहीत. सरासरी उतरते आणि आलेख पसरट होतो. तक्षशिलेच्या नाण्यांच्या पाठीवर छोट्या खुणा ठोकलेल्या आहेत. खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, हे कोसंबींनी दाखवलं आणि त्यावरून कोणतं नाणं जास्त काळ फिरलं ते ठरवलं.