स्टेशन-मुक्काम (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील चालू स्टेशनच्या आवारात, ठरावीक भाडे देऊन तंबू किंवा कॅरॅव्हॅनमध्ये राहण्याची पद्धत. येथे स्टेशन म्हणजे रेल्वेचे नव्हे, तर गुरे वा मेंढ्या पोसणारी विस्तीर्ण चराऊ मालमत्ता. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक स्टेशन एकेकाळी सुमारे २४,००० चौ. किमी. होते; २०१६ नंतर ते सुमारे १५,७०० चौ. किमी. आहे.

या शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये सैनिक वा कैदी नेमलेल्या चौकीवरून तो आला, असे एक मत. सरकारी कळपांच्या 'स्टॉक-स्टेशन'चे ते संक्षिप्त रूप, हे दुसरे. १८२० च्या दशकातील वापर पाहता ते अधिक सयुक्तिक वाटते. आरंभी चराऊ जमिनीला 'रन' आणि तीवरील झोपड्या-कोंडवाड्यांना 'स्टेशन' म्हणत. पुढे सबंध मालमत्तेलाच ते नाव पडले. १८४७ च्या राजाज्ञेने तेथे चराईचे दीर्घ मुदतीचे पट्टे मिळू लागले. आजही बहुतेक मोठी स्टेशने पट्ट्याच्या जमिनीवर असून, पट्टा चराईपुरता असल्याने पर्यटनासाठी सहसा वेगळी परवानगी लागते. असा पट्टा मूळनिवासींचे भूहक्क आपोआप संपवीत नाही, असा निर्णय विक खटल्यात १९९६ मध्ये झाला.

सशुल्क मुक्कामाची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुळली असावी. उलुरू या महाकाय खडकाच्या वाटेवरील कर्टिन स्प्रिंग्ज व वायव्येकडील किंबर्ली प्रदेशातील गिब रिव्हर रोडलगतची स्टेशने परिचित आहेत. उत्तरेत हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. पावसाळ्यात रस्ते बंद पडतात. गुरे हाकून गोळा करण्याचे कामही याच कोरड्या महिन्यांत, पुष्कळदा हेलिकॉप्टरने चालते. तेव्हा काही वाटा पाहुण्यांना बंद असतात.

फाटक जसे दिसले तसेच ठेवायचे. उघडे फाटक बहुधा गुरांना पाण्याकडे जाता यावे म्हणून असते. 'चांगुलपणाने' लावले तर कळप तहानेने मरू शकतो. ताफ्यात चूक हटकून शेवटच्या गाडीकडून होते, कारण फाटक मुळात कसे होते ते तिने पाहिलेलेच नसते. पाणवठ्याला खेटून तंबू ठोकू नये. बुजलेली गुरे न पिता माघारी फिरतात.

पाणी बहुतेक विंधन विहिरीचे. ते जड असल्यास साबणाला फेस येत नाही. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. अंघोळीचे पाणी पुष्कळ ठिकाणी 'डाँकी'वर तापते. हा आपल्या बंबाचाच भाऊबंद. मात्र येथे सुमारे २०० लिटरचे पिंप दगडांवर आडवे ठेवून खालून जाळ घालतात. थंड पाणी तळाशी शिरते आणि वरचे गरम पाणी नळाकडे ढकलते. पुरवठा तुटला की गरम पाणीही थांबते. माथ्यावरील उघड्या नळीतून वाफेचे फुत्कार येऊ लागले की लाकूड घालू नये. ती नळी क्षाराने बुजली, तर पिंप फुटण्याचा धोका असतो.

जेवणाची सोय स्टेशनगणिक वेगळी. डिंगो या रानकुत्र्यांना मारण्यासाठी '१०८०' या विषाची आमिषे टाकलेली असतात व त्यावर खात्रीचा उतारा नाही. म्हणून पाळीव कुत्र्यांना अनेक ठिकाणी मनाई असते, नाहीतर बांधून ठेवावे लागते.