लिनक्सवर ‘मराठी गेली’ म्हणणाऱ्यांसाठी: फॉन्टमधली मराठी आणि युनिकोडमधली मराठी

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. परभणी-हिंगोलीपासून लातूर-धाराशिवपर्यंत शाळा, ग्रामपंचायती आणि झेरॉक्सच्या दुकानांतली कितीतरी धडधाकट मशीनं त्या अटीत बसत नाहीत. मग कुणीतरी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतं. ते उत्तम चालतं. आणि जुनी फाइल उघडली की तक्रार येते: “भाऊ, मराठी गेली सगळी. कामून टाकलं हे?”

मराठी कुठेही गेलेली नसते. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. हे वाक्य ऐकून लोक चिडतात, म्हणून नीट सांगतो.

विंडोज तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. वर्डऐवजी लिब्रेऑफिस, स्टार्ट मेनूऐवजी मिंटचा मेनू, सी ड्राइव्हऐवजी होम फोल्डर. आठवडाभरात हात बसतो.

खरी गल्लत इथे आहे. आपल्याकडे संगणकावर मराठी दोन अगदी वेगळ्या रीतींनी लिहिली जाते आणि कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पहिली रीत जुन्या फॉन्टची: कृतिदेव, शिवाजी, आणि श्रीलिपी, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट, उदाहरणार्थ आयएसएमचा डीव्हीबी-टीटी सुरेख. यात फाइलमध्ये देवनागरी साठवलेली नसते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलमध्ये पाच इंग्रजी अक्षरं जातात: ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. कृतिदेव फॉन्टमध्ये ई या अक्षराच्या जागी म चं चित्र बसवलेलं असतं, जे च्या जागी र चं, के च्या जागी कान्याचं. फॉन्ट मशीनवर असेल तोवर डोळ्यांना मराठी दिसते. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की जे खरोखर साठवलं होतं तेच दिसतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नव्या विंडोजवर कृतिदेव नसेल तर तिथेही नेमकं हेच होतं. दोष लिनक्सचा नाही.

दुसरी रीत युनिकोडची. यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. क चा 0915, पहिल्या वेलांटीचा 093एफ. फाइलमध्ये हे क्रमांक साठवले जातात. फॉन्ट कोणताही असो, नसो, क हा क च राहतो. मोबाइलवर तुम्ही जी मराठी लिहिता ती हीच.

ओळखायचं कसं? फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी दिसली तर युनिकोड, चिवडा दिसला तर जुना फॉन्ट. लिनक्स टाकण्याआधी एवढी एक चाचणी प्रत्येकाने करावी. लिब्रेऑफिसमध्ये आणखी एक खूण मिळते: कृतिदेवचा मजकूर त्याला इंग्रजी वाटतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते.

“दिसतंय ना नीट, मग काय फरक पडतो?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण फरक फार पडतो. शाळेची विद्यार्थ्यांची यादी घ्या. कृतिदेवमध्ये ब म्हणजे सी, क म्हणजे डी, म म्हणजे ई. एक्सेलमध्ये नावं क्रमाने लावा: बालाजी, मग कैलास, मग मीरा. आणि अनिता या सगळ्यांच्या खूप खाली, कारण तिथे अ हा इंग्रजी व्ही आहे. एखादं नाव मोबाइलवरून शोधलं तर सापडत नाही. अंध माणसाचं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) ती यादी वाचूच शकत नाही; त्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. ग्रामसभेचे ठराव वर्षानुवर्षं असे साठवले असतील तर त्यातून काही शोधणं म्हणजे एकेक फाइल उघडून वाचणं.

आता फाइल मागताना दिल्या जाणाऱ्या ‘मंगल फॉन्टमध्ये पाठवा’ या सूचनेबद्दल. ती मागणाऱ्याला युनिकोड हवं असतं, पण मंगल आणि युनिकोड एक नव्हेत. मंगल हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला आणि विंडोजसोबत येणारा एक युनिकोड फॉन्ट आहे, एवढंच. लिनक्सवर तो नसतो. मंगलमधली फाइल तिथे लोहित किंवा नोटो देवनागरी या युनिकोड फॉन्टमध्ये उघडते, एखादी ओळ खाली सरकते, मजकूर जसाच्या तसा राहतो. मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्ट टाकला तर माझ्या मते मंगलपेक्षा सुबकही दिसतं. उलट सुरेखचं पाहा: डीव्हीबी-टीटी सुरेख जुन्या रीतीचा, डीव्हीओटी सुरेख युनिकोडचा. वळण तेच, नाव जवळपास तेच, आतला मजकूर पूर्ण वेगळा. फॉन्टच्या नावावरून किंवा दिसण्यावरून निर्णय घेऊ नका, व्हॉट्सॲपची चाचणीच करा.

या गोंधळात तिसरी गोष्ट मिसळते ती कीबोर्डची. रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरची) आणि इन्स्क्रिप्ट (संगणकासाठी ठरवलेली) या कळींच्या दोन मांडण्या. रेमिंग्टन म्हणजे कृतिदेव आणि इन्स्क्रिप्ट म्हणजे युनिकोड, हे समीकरण चूक आहे. कीबोर्ड म्हणजे बोटांची सवय. रेमिंग्टनच्या सवयीने युनिकोड लिहिता येतं. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये 30 नि 40 शब्दांच्या परीक्षा देऊन ज्यांची बोटं बसली आहेत, त्यांनी लिनक्सवर आयबस (वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड वापरू देणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एमसेव्हनटीनएन (ibus-m17n) पॅकेज टाकावं. रेमिंग्टन हिंदीच्या यादीत मिळतो. हे न करता मराठी कीबोर्ड निवडला की इन्स्क्रिप्ट येतो. मग क साठी सवयीने डी दाबलं जातं आणि ठिपक्यांच्या गोलाखाली हलंत उमटतो, कारण इन्स्क्रिप्टमध्ये डी वर हलंत आहे आणि क सरळ के वर. इथेच बरेच जण लिनक्स काढून टाकतात. नव्याने शिकणाऱ्या लेकरांना मात्र इन्स्क्रिप्टच शिकवा. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, आणि हीच मांडणी विंडोज-लिनक्स दोन्हींवर आधीपासून असते.

जुन्या फायलींचं काय करायचं? फक्त पाहायच्या-छापायच्या असतील तर कृतिदेवची फॉन्ट फाइल लिनक्सवर टाकली की काम भागतं. पुढे वापरायच्या असतील तर रूपांतर करा, आणि ते विंडोज काढण्याआधी करा. तुमच्या श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये युनिकोड रूपांतराची सोय असेल तर ती तिथेच वापरता येते. मूळ फाइल जशीच्या तशी जपा. कृतिदेवचा कन्व्हर्टर शिवाजीला चालत नाही, कारण प्रत्येकाचा अक्षरांचा तक्ता वेगळा. मजकुरात अधेमधे इंग्रजी शब्द असतील तर ते आधी बाजूला काढा. नाहीतर कन्व्हर्टर त्यांनाही देवनागरी समजून बदलून टाकतो, कारण आत दोन्ही इंग्रजीच अक्षरं आहेत.

पेजमेकर आणि कोरल या विंडोजवरच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका, फ्लेक्स करणाऱ्या दुकानांनी घाईने सगळी मशीनं बदलू नयेत. एक विंडोज मशीन इंटरनेटशिवाय त्या कामाला ठेवावं, बिलं नि अर्ज लिनक्सवर करावेत.

रूपांतर झाल्यावर तीन जागा तपासा. पहिली वेलांटी: कृतिदेवमध्ये ती व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफार: ‘सर्व’मधला रफार कृतिदेवमध्ये व च्या मागून येतो, युनिकोडमध्ये र आणि हलंत व च्या आधी. बरे कन्व्हर्टर हे दोन्ही सांभाळतात, जोडाक्षरांत मात्र कधीकधी चुकतात. तिसरी जागा खास आपली: शेतकऱ्यांचा, दुसऱ्या, वाऱ्यावर यांतला ‘ऱ्या’. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले कन्व्हर्टर त्याचा रफार करतात आणि ‘शेतकर्यांचा’ असं काहीतरी हाती येतं. अशा फाइलमध्ये ‘शेतकऱ्यांचा’ शोधलं तर एकही निकाल येत नाही. ‘र्या’च्या जागी सरसकट ‘ऱ्या’ घालू नका. सूर्याचा, आचार्यांना हे शब्द रफाराचेच आहेत. ‘र्या’ शोधत एकेक जागा पाहावी लागते. इन्स्क्रिप्टवर दुरुस्ती सोपी आहे: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा य.